काटा, धूळ आणि ऊन : वसंतातल्या सायकलस्वारीची तयारी

पंचांगात वसंत ऋतू दोन महिन्यांचा असला, तरी मराठवाड्यातल्या सायकलस्वाराच्या वाट्याला त्यातले फार थोडे दिवस येतात. महाशिवरात्रीच्या सुमाराला थंडी ओसरते, ज्वारी काढणीला येते, होळीपर्यंत शिवारं मोकळी होऊ लागतात आणि पाडवा उलटला की नांदेडचा पारा चाळिशीकडे धावतो. एप्रिलअखेर आणि मे महिन्यात तो ४२-४३ अंशांवर जाणं इथे नेहमीचंच. म्हणजे माळरानं आणि डोंगरवाटा सायकलने पालथ्या घालायला जेमतेम महिना-दीड महिना मिळतो, आणि त्यातही सकाळचे तीनेक तास. एवढा मोलाचा वेळ रस्त्याच्या कडेला पंक्चर काढण्यात किंवा तुटलेली साखळी खांद्यावर टाकून चालण्यात जाऊ नये, असं वाटत असेल तर सायकलचीही आणि शरीराचीही तयारी आधीच व्हायला हवी.

वसंतातल्या तयारीबद्दल इंटरनेटवर जे काही वाचायला मिळतं, ते बहुतेक थंड देशांतलं असतं. तिथे सायकल हिवाळाभर गॅरेजमध्ये पडून असते. रस्त्यावर टाकलेल्या मिठाने ती गंजते, बर्फ वितळला की चिखल उडतो, म्हणून तिथली यादी गंज आणि चिखलापासून सुरू होते. लातूर-नांदेडकडे फेब्रुवारीत चिखल शोधूनही सापडत नाही. इथे गाठ पडते ती काट्यांशी, धुळीशी आणि उन्हाशी. तपासणीचा क्रमही त्यावरूनच ठरवावा लागतो.

वाटा कशा आहेत

लातूर समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटरवर, बालाघाटाच्या पठारावर वसलं आहे. नांदेड गोदावरीकाठी, साधारण साडेतीनशे मीटरवर. या दोहोंमधला उतार अहमदपूर, लोहा, कंधार या भागात लहानमोठ्या टेकड्यांनी विखुरलेला आहे. ३६१ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग दोन्ही शहरं जोडतो, पण जाड टायरच्या सायकलला त्या रुंद रस्त्यावर काम नाही. तिची खरी जागा त्याच्या दोन्ही बाजूंना फुटणाऱ्या गाडीवाटांवर, पाणंदीवर आणि माळावर आहे.

नांदेडहून जवळचा चढ हवा असेल तर वडेपुरीचा रत्नेश्वरीचा डोंगर आहे. थोडं लांब गेलं की कंधारचा भुईकोट किल्ला आणि राष्ट्रकूटकालीन जगत्तुंग समुद्र हा तलाव लागतो. लातूर जिल्ह्यात औसा तालुक्यातल्या खरोशाची लेणी आहेत, उदगीरजवळ देवर्जनचं हत्तीबेट आहे आणि चाकूर तालुक्यात वनौषधींसाठी प्रसिद्ध असलेलं वडवळ-नागनाथचं बेट आहे. किनवट-माहूरकडे सातमाळ्याच्या रांगा आणि सागाचं जंगल सुरू होतं. फाल्गुनात तिथला पळस ऐन बहरात असतो. शेतांमधल्या पाणंदी पक्क्या करण्यासाठी राज्य सरकारने २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी योजना आणली. ती शेतकऱ्यांच्या सोयीसाठी आहे, पण सुधारलेली पाणंद सायकललाही फळते.

या सगळ्या वाटांची जमीन सारखी नाही. सखल भागात काळी माती. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात तिला पुढचं चाक अडकेल एवढ्या भेगा पडतात. माळावर मुरूम, म्हणजे वळणावर चाकाखालून निसटणारी खडी. टेकड्यांवर काळा कातळ आणि उदगीरच्या पट्ट्यात जांभा. एकाच सकाळी हे तिन्ही-चारही प्रकार भेटतात, म्हणून टायर फार गुळगुळीतही नको आणि चिखलासाठीचा खोल नक्षीचाही नको. मध्ये बारीक व जवळजवळ, कडेला ठसठशीत गुटके असलेला टायर इथे सगळ्यात कामाचा.

पंक्चर पिकवणारं झाड

पहिला मान काट्याचा. बाभळीचा पांढरा, लांब काटा सगळ्यांना माहीत असतो. वेडी बाभूळ तर कॅनॉलच्या आणि रस्त्याच्या कडेला मोकाट वाढलेली असते. शेतातून वाट काढताना तुरीची आणि कपाशीची धसकटं तिरप्या कापलेल्या टोकांनी टायरची बाजू फाडतात. पण सायकलस्वाराला सर्वांत जास्त जेरीस आणतो तो जमिनीला चिकटून पसरणारा सराटा.

सराटा म्हणजेच काटेगोखरू. पावसाळ्यात मुरमाड कडेला त्याचे वेल पसरतात, पाच पाकळ्यांची इवली पिवळी फुलं येतात आणि कुणाचं लक्षही जात नाही. हिवाळा संपता संपता वेल वाळतो आणि फळ फुटून त्याचे पाच तुकडे होतात. प्रत्येक तुकड्यावर दोन लांब, टणक काटे असतात आणि खाली दोन आखूड. तुकडा कसाही पडला तरी एखादा काटा वरच्या दिशेने उभा राहतो. हे बी पसरवण्याचं तंत्र आहे: जनावराच्या खुरात किंवा माणसाच्या चपलेत घुसायचं आणि पुढच्या गावाला जायचं. रबरी टायर त्या झाडाला आयताच मिळालेला नवा खूर आहे. हाच सराटा जुन्या जगातून अमेरिकेत पोचला आणि तिथल्या कोरड्या राज्यांत सायकलवाल्यांची डोकेदुखी झाला. आयडाहो राज्यातल्या बॉयसी शहरात लोक उन्हाळ्यात गोण्या भरभरून हे वेल उपटतात, आणि २०१८ पासून त्याचा उत्सवच साजरा होतो.

यावर उपाय दोन. ट्यूबलेस बसवता येईल असं रिम आणि टायर असेल तर ट्यूब काढून आत सीलंट, म्हणजे भोक बुजवणारा पातळ चीक, भरावा. मोठ्या चाकाला साधारण १०० मिलिलिटर लागतो. सराटा घुसला की चीक त्या भोकात गोठतो आणि स्वार पुढे जातो. मात्र आपल्याकडच्या उन्हात हा चीक लवकर सुकतो. दिवाळीत भरलेला सीलंट होळीपर्यंत टायरच्या आत सालपटासारखा चिकटून बसलेला असतो, म्हणून मोसमाच्या आधी व्हॉल्व काढून काडी घालून पाहावी आणि कोरडी निघाली तर नवा भरावा. साधी ट्यूब असेल तर तिच्यातही सीलंट घालता येतो, जाड ट्यूब मिळते, आणि टायर व ट्यूब यांच्यामध्ये घालायची पट्टीही मिळते. पट्टीने वजन थोडं वाढतं, पण सराट्यांच्या मुलखात ते सोसावं.

पंक्चर झालंच तर ट्यूब बदलण्याआधी काटा शोधणं महत्त्वाचं. टायरच्या आतून एक जुनं फडकं सगळीकडे फिरवावं; जिथे धागा अडकेल तिथे काट्याचं टोक असतं. बोट फिरवलं तर बोटात घुसतं. एकाच टायरमध्ये चार-पाच टोकं निघाली तर नवल नाही, आणि एक राहून गेलं तर नवी ट्यूब दहा मिनिटांत बसते.

हवा किती भरायची, हाही काट्याइतकाच मोठा प्रश्न. मोटारसायकलच्या पंक्चरच्या दुकानात कॉम्प्रेसर लावला की चाक दगडासारखं कडक होऊन येतं. डांबरी रस्त्यावर ते बरं वाटतं. मुरमावर तेच चाक उड्या मारतं आणि घसरतं. पासष्ट-सत्तर किलोच्या स्वाराने सव्वादोन इंची टायरमध्ये ट्यूब असताना ३० पीएसआयच्या आसपास सुरुवात करावी, ट्यूबलेस असेल तर त्याहून चार-पाच कमी. दगडावरून जाताना रिम आदळत असेल तर दोन वाढवावी, वळणावर चाक निसटत असेल तर दोन कमी करावी. टायरच्या बाजूवर छापलेली किमान आणि कमाल मर्यादा मात्र ओलांडू नये. त्यासाठी घरी मीटर असलेला हातपंप हवा.

धुळीचं गणित

माउंटन बाइकचा जन्मच ग्रीसच्या गोष्टीत आहे. कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत १९७० च्या दशकात गॅरी फिशर, जो ब्रीझ, चार्ली केली यांच्यासारखी तरुण मंडळी जाड टायरच्या जुन्या सायकली घेऊन डोंगरावरच्या मातीच्या रस्त्यावरून खाली सुटायची. त्या सायकलींना मागच्या चाकाच्या हबमध्ये, उलट पायडल मारून लागणारा ब्रेक असे. उतार संपेपर्यंत हब इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून धूर निघायचा, आणि पुढच्या फेरीआधी हब उघडून नवं ग्रीस भरावं लागायचं. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी झालेल्या तिथल्या पहिल्या शर्यतीला आणि त्या रस्त्याला 'रीपॅक' हे नाव त्या ग्रीस भरण्यावरूनच मिळालं. वीस वर्षांनी, १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये हा खेळ पदकांच्या यादीत आला. तोवर आपल्याकडे शाळकरी मुलांच्या हाती जाड टायरची 'रेंजर' आलेली होती.

मराठवाड्यात ग्रीस जळत नाही, पण त्यात धूळ कालवली जाते. काळ्या मातीची वाळलेली धूळ पिठाइतकी बारीक असते. ती तेलकट साखळीवर बसली की त्याचं पॉलिश पेपरसारखं काम सुरू होतं. साखळीला जुनं, इंजिनातून काढलेलं ऑइल लावण्याची सवय अजून अनेक ठिकाणी आहे. ते चिकट असतं, त्यात आधीच धातूचा चुरा असतो आणि वरून धूळ ओढून घेतं. त्यापेक्षा डिझेल किंवा डीग्रीझर आणि जुना टूथब्रश घेऊन साखळी धुवावी, पूर्ण वाळू द्यावी आणि मग कोरड्या हवेसाठीचं पातळ किंवा मेणयुक्त वंगण प्रत्येक सांध्यावर एकेक थेंब सोडावं. पाच मिनिटांनी बाहेरचं सगळं पुसून टाकावं. वंगणाची गरज पिनेच्या आत असते. बाहेर राहिलेलं फक्त धूळ गोळा करतं.

साखळी किती झिजली, हे बारा इंची पट्टीने घरच्या घरी कळतं. एका पिनेचा मध्य शून्यावर धरायचा. नवी साखळी असेल तर बाराव्या इंचावर बरोबर पिनेचाच मध्य येतो. ती पिन सोळांश इंचभर पुढे गेली असेल तर साखळी अर्धा टक्का ताणली आहे आणि बदलायची वेळ आली आहे. आठवांश इंच पुढे गेली असेल, तर तिने मागच्या गिअरचे दातेही खाल्लेले असतात. मग नुसती साखळी बदलून भागत नाही, चढावर जोर लावला की ती दात्यांवरून उडते. साखळी वेळेवर बदलणं म्हणजे कॅसेटचा मोठा खर्च टाळणं.

बाकी तपासणीला दहा मिनिटं पुरतात. पुढचा ब्रेक दाबून हँडल मागे-पुढे हलवावं. टकटक आवाज आला तर हँडलचे छर्रे ढिले आहेत. क्रँक धरून आडवा हलवावा, चाकं धरून डावी-उजवी हलवावीत. चाक फिरवून ब्रेकजवळून पाहावं. रिम लहरत असेल तर चाक आउट आहे, आणि तारा कसायला मिस्त्रीकडेच न्यावं. प्रत्येक तारेला बोटाने टिचकी मारली तर एकाच बाजूच्या तारांचा आवाज साधारण सारखा यायला हवा. जी बोदी वाजते ती ढिली. पुढच्या सस्पेन्शनचे चकचकीत दांडे प्रत्येक फेरीनंतर फडक्याने पुसावेत, कारण तिथली धूळ सीलमधून आत गेली की फोर्क खरखरीत होतो.

ब्रेक हा स्वतंत्र विषय. डिस्क ब्रेकच्या पॅडवर अर्धा मिलिमीटर थर उरला असेल तर ते संपले असं समजावं. साखळीला तेल देताना डिस्कवर फवारा उडाला तर ब्रेक किंचाळतो आणि पकडत नाही. डिस्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी, आणि पॅड तेल प्यायले असतील तर बदलावेत. रबरी गुटक्यांचे ब्रेक असतील तर गुटक्यात रुतलेले मुरमाचे कण टाचणीने उकरून काढावेत, नाही तर ते रिमला चरे पाडतात. माहूरच्या घाटातून खाली येताना ब्रेक सतत दाबून ठेवू नये. वळणाआधी जोर देऊन दाबावा, वळणात सोडावा. हाताला विश्रांती मिळते आणि डिस्कही तापत नाही.

शरीर उन्हाला शिकवावं लागतं

सायकल दोन दिवसांत तयार होते. शरीराला दोन आठवडे लागतात. हिवाळ्यात सकाळी गारव्यात चालवलेल्या सायकलीने पाय मजबूत होतात, पण मार्च-एप्रिलचं ऊन ही वेगळी परीक्षा आहे. रोज तास-दीड तास उष्ण हवेत हलका व्यायाम केला, तर शरीर सात ते चौदा दिवसांत जुळवून घेतं. पहिल्या चार-पाच दिवसांत रक्तातल्या द्रवाचं प्रमाण वाढतं, त्यामुळे त्याच कष्टाला हृदयाचे ठोके कमी पडतात. पुढे घाम लवकर सुटू लागतो आणि त्यातून जाणारं मीठ कमी होतं. चार आठवडे घरात पंख्याखाली बसलं की ही कमाई बरीचशी निघूनही जाते. म्हणून दर रविवारी एकदम साठ किलोमीटर मारण्यापेक्षा आठवड्यातून चार दिवस थोडं थोडं चालवणं फायद्याचं. नाशिकचे डॉक्टर बंधू हितेंद्र आणि महेंद्र महाजन यांनी २०१५ मध्ये 'रेस अॅक्रॉस अमेरिका' पूर्ण केली आणि ही शर्यत पार करणारा पहिला भारतीय संघ होण्याचा मान मिळवला. त्या शर्यतीतही समुद्रकिनारा सोडल्यावर लगेच वाळवंट लागतं.

सीटची उंची आधी नीट लावावी. पायडल सगळ्यात खाली असताना टाच त्यावर ठेवली की गुडघा सरळ व्हावा. मग पंजा ठेवून चालवताना तो किंचित वाकलेला राहतो. सीट खाली असेल तर गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखतं, फार वर असेल तर कंबर डावी-उजवी हलते. खडकाळ उतारावर मात्र सीट खाली घ्यावी, दोन्ही पायडल समांतर ठेवून उभं राहावं, कोपरं सैल सोडावीत आणि नजर चाकावर न ठेवता दहा-पंधरा मीटर पुढे ठेवावी. हा सराव गावाबाहेरच्या मोकळ्या मुरमावर आधी करावा.

पाण्याचा हिशेब उन्हात तासाला किमान पाऊण ते एक लिटरचा धरावा. वाटेत हापसा मिळेलच, असं या जिल्ह्यांत गृहीत धरता येत नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेलं लातूर हे शहर आहे. दोन तासांच्या फेरीला दोन मोठ्या बाटल्या घ्याव्यात आणि त्यातल्या एकीत ओआरएस असावं. घरी करायचं तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे प्रमाण. निघताना आणि परतल्यावर वजन करून पाहिलं तर आपला घाम किती जातो ते कळतं; एक किलो कमी झालं म्हणजे साधारण लिटरभर पाणी कमी पडलं.

खाण्यासाठी महागड्या पाकिटांची गरज नाही. तासाभरापेक्षा जास्त चालवायचं असेल तर दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जावीत. एका मध्यम केळ्यात ती पंचवीस ग्रॅमच्या आसपास असतात, आणि नांदेडच्या शेजारचं अर्धापूर तर केळीचंच गाव. गूळ-शेंगदाण्याचा लाडू, खजूर, धपाटं यांनीही काम भागतं. परतल्यावर मीठ घातलेलं ताक.

डोकं दुखणं, मळमळ, पायात गोळे, उन्हातही अंगावर काटा येणं, ही थांबण्याची खूण आहे. सावलीत बसावं, मानेवर आणि काखेत पाणी ओतावं, घोट घोट प्यावं. सोबतचा माणूस असंबद्ध बोलू लागला, तोल जाऊ लागला, अंग तापलं, तर तो उष्माघात समजावा. त्याला लगेच ओल्या कपड्यांनी गार करायला घ्यावं आणि १०८ ला फोन करावा. रुग्णवाहिका येईपर्यंत पाणी ओतणं थांबवू नये आणि शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नये.

निघण्याआधी

पिशवीत दोन ट्यूब, पंक्चरचं किट, टायर काढायचे प्लॅस्टिकचे चमचे, छोटा पंप, षटकोनी पान्यांचा संच, साखळी जोडायची क्विक लिंक आणि चिमटा हवा. सराट्याचं मोडलेलं टोक हाताने निघत नाही. डोक्यावर हेल्मेट हवंच, आणि एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून धड दिसलं तरी बदलावं. २६ इंची चाकाची ट्यूब लहान गावातही मिळू शकते. साडेसत्तावीस किंवा एकोणतीस इंची चाक असेल तर आपली ट्यूब आपल्याजवळच असू द्यावी.

वाट ठरवताना दोन गोष्टी विचारून घ्याव्यात. किनवट-माहूरकडच्या राखीव जंगलात आणि पैनगंगा अभयारण्यात वनविभागाची परवानगी लागते. फाल्गुन-चैत्रात वणव्याचा धोकाही असतो. आणि जुन्या किल्ल्यांच्या बुरुजांवर, लेण्यांच्या कपारीत, उंच झाडांवर आग्या मोहोळं असू शकतात. तिथे अत्तर, धूर आणि आरडाओरडा टाळावा. शेताच्या बांधावरून जायचं तर उभं पीक तुडवू नये आणि मालक दिसला तर थांबून विचारावं. बहुतेक वेळा पाणीही मिळतं आणि पुढची वाटही कळते.

सूर्योदयाआधी अर्धा तास निघावं आणि साडेनऊच्या आत घरी असावं. मे महिन्यात शहराजवळची छोटी फेरी पुरे. जूनमध्ये मृगाचा पहिला पाऊस पडला की काळ्या मातीच्या वाटा सोडाव्यात, कारण ती चाकाला थापून बसते आणि फोर्कमध्ये अडकून चाक फिरूही देत नाही. तेव्हा उदगीरकडचा जांभा आणि अहमदपूरचे मुरमाड माळ उपयोगी पडतात. तिथे पावसाचं पाणी लवकर निचरून जातं, आणि उघडीप मिळाली की दुसऱ्या दिवशी सकाळी सायकल काढता येते.